खुंटांमधली जमीन

त्या सकाळी दालियेम शिंपल्या वेचायला चिखलात उतरली आणि तिचा पाय घोट्यापाशीच थांबला. तिला वाटलं, आपण चुकीच्या जागी उतरलो. तिनं मान वर करून पाहिलं. दोन्ही खुंट जागच्या जागी होते, तिच्या नवऱ्यानं लग्नाच्या साली रोवलेले, त्यांच्या अंगावर कालवांचे तेच खडबडीत पट्टे. मग तिनं दुसरा पाय टाकला. तोही घोट्यापाशीच थांबला.

एकतीस वर्षांपूर्वी ती या खाडीत सून म्हणून आली तेव्हा याच जागी भर ओहोटीलाही दोन पुरुष पाणी असायचं. पुढं पाणी सरलं आणि चिखल वर आला, पण त्या चिखलात कमरेपर्यंत रुतायला व्हायचं आणि होडीची कड सोडायची कुणाची छाती नव्हती. मग मांडी, मग गुडघा. गेल्या वर्षी पोटरी. चिखल मोजायचं काम आमच्या मुआरा लुमुतमध्ये बायकांच्या पायांकडेच असतं, कारण पुरुष मंडळी होडीतून खाली उतरतील तर शपथ.

ती खुंटापर्यंत चालत गेली. चालत! खुंटाच्या बुंध्याशी मारंडीची दोन काटेरी रोपं उगवली होती, आणि त्यातल्या एकाच्या पानावर एक तांबडी मुंगी फिरत होती. दालियेम वाकून तिच्याकडे बघत राहिली. मुंगी कुणाच्या तांदळाच्या गोणीतून आली असेल, वाहत आलेल्या ओंडक्यावरून आली असेल, ते सोडा. आली आणि राहिली. जिथं दिवसातून दोनदा दर्या येतो तिथं मुंगी राहत नाही, एवढं तिला कळत होतं.

"अगं बाई," ती मोठ्यानं म्हणाली, आणि ऐकायला कुणी नव्हतं तरी तिनं तोंडावर हात ठेवला. तिच्या अंगावर काटा आला होता. खालून, मुकाट्यानं, कुणाला न विचारता, जमीन वर येत होती.

ही माती डोंगरातून येते. वरच्या लोकांना आपले उतार सांभाळता येत नाहीत. दर पावसाळ्यात नदी त्यांची शेतं धुऊन आणते आणि आमच्या खाडीत ठेवून जाते. त्यांनी शिव्या द्याव्यात, आम्ही डोळे विस्फारून बघावं, असा हा व्यवहार आहे. माझ्या आजाच्या वेळी या खाडीत एका घरालाही अंगण नव्हतं. घरं खांबांवर, वाट म्हणजे पाणी, आणि नारळ हवा असला तरी बाजाराच्या होडीची वाट बघायची. आता गावातल्याच रातेमच्या घरामागे चवळीचे वेल आहेत.

अशा जमिनीचा मालक कोण, याचा नियम गावानं फार पूर्वीच ठरवलाय. डोल जाळं दोन खुंटांमध्ये ताणून लावतात; त्यासाठी ज्यानं खुंट रोवले, तिथलं पाणी त्याचं, आणि पाण्याची जमीन झाली तर जमीनही त्याची. पण खुंट उपटून नेले की हक्क गेला. मग कुणीही यावं आणि आपले रोवावेत. आणि जमीन झाली की नाही, हे कुणाच्या तोंडच्या शब्दावर ठरत नाही. उधाणाच्या दिवशी, ओहोटीच्या तळापासून भरतीच्या टोकापर्यंत, मालकानं स्वतः दोन खुंटांच्या मधोमध उभं राहायचं. त्याच्या गुडघ्याखाली सुतळी बांधतात. सुतळी भिजली तर तो अजून दर्याच. कोरडी राहिली तर जमीन, आणि गावप्रमुख वहीत नाव लिहितो. उभ्या माणसानं पाऊल उचलायचं नाही. पूर्वी एका चलाख माणसानं बोटाबोटानं उंचवट्याकडे सरकत अर्ध्या दिवसात जमीन मिळवली होती, तेव्हापासून हे कलम वाढलं.

दालियेमला हे सगळं पाठ होतं. तिला हेही ठाऊक होतं की चार दिवसांनी पुनवेचं उधाण आहे आणि त्या दिवशी तिचा नवरा हे दोन्ही खुंट उपटणार आहे.

कार्सुदी घराच्या ओट्यावर जाळं विणत बसला होता. खाली पाणी चुबुकचुबुक करत होतं आणि घर नेहमीप्रमाणे हलकेच डुलत होतं.

"अहो," ती शिंपल्यांची टोपली ठेवत म्हणाली, "खुंट नका काढू."

"परत तेच?"

"पाय घोट्यापर्यंतच रुततो आता. मी चालले त्यावर. एका खुंटापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेले."

"मग काय, मशिदीत जाऊन सांगू?" तो हसला. "चिखल आज आहे, उद्या नाही. अगं, तीन वर्षं झाली, तिथं मूठभर जवळासुद्धा मिळत नाही. मुकरीनं खाडीच्या तोंडाशी जागा हेरलीय. खुंट माझे, जाळं त्याचं, अर्धी अर्धी मासळी. मी शब्द दिलाय."

"शब्द त्याला दिलात. मला कधी विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? तू शिंपल्या वेचतेस."

"म्हणूनच विचारा! तुम्ही तिथं वरून बघता. मी पायानं बघते."

कार्सुदीनं सुई थांबवली. तो माणूस वाईट नव्हता, हटवादी होता. पाण्यावर जन्मलेला, पाण्यावर वाढलेला. जमिनीवरच्या लोकांना तो मातीखाऊ म्हणायचा आणि बाजाराला काठावर गेला की दुपारच्या आत डोकं दुखतंय म्हणून परत यायचा. "रातेमचा नवरा बघ," तो म्हणाला. "काय रुबाबात डोल लावायचा एकेकाळी. आता कुदळ घेऊन बोकडासारखा मान खाली घालून फिरतो. मला ते नाही जमायचं."

"आणि काठावर जाऊन दुसऱ्याच्या शेतात भाताची कापणी करायला जमेल? कारण मासळी संपली की तेच उरणार आहे. मुकरीच्या जागी तरी किती दिवस मिळेल? तिथंही चिखल येतोच आहे. खाडी सगळी भरत चाललीय, अहो. आपल्याला उभं राहायला कुठंतरी जागा लागेल की नाही?"

त्यानं सुई पुन्हा जाळ्यात घातली. तिनं शिंपल्या धुवायला घेतल्या. रडू येत होतं, पण रडण्याइतकी ती हरली नव्हती.

पुनवेच्या दिवशी सकाळी, ओहोटीचं पाणी पुरतं सरायच्या आत, मुकरी आपली मोठी होडी घेऊन आला. मुकरी बोलका माणूस, हातात काम असो नसो तोंडाला काम असतंच. "वहिनी, चेहरा का उतरलाय?" तो म्हणाला. "खुंटच नेतोय, तुमचा नवरा नाही नेत." दालियेमनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती होडीच्या टोकाला पाय जवळ घेऊन बसून राहिली.

खोल रोवलेला खुंट माणसाच्या बळानं निघत नाही, त्याला दर्याच लागतो. ओहोटीला खुंटाच्या बुंध्याशी जाड दोर बांधायचा, दुसरं टोक होडीच्या आडव्या वाशाला घट्ट आवळायचं, आणि स्वस्थ बसायचं. भरती चढते, होडी उचलली जाते, आणि खुंट दातासारखा बाहेर येतो. कार्सुदीनं आयुष्यात असे पन्नास तरी खुंट काढले असतील. त्यानं दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, लवंगेची सिगारेट पेटवली, आणि मुकरीच्या गप्पा ऐकत बसला.

पाणी आलं. दोर ताठ झाला. होडी करकरली.

"आता निघेल," मुकरी म्हणाला.

पाणी आणखी चढलं. होडी उचलली जायला हवी होती, ती एका अंगाला कलली. दोरातून पाण्याचे थेंब पिळून निघायला लागले.

"चिकटलाय जरा. वेळ लागेल."

होडीची कड पाण्याला टेकायला आली. आडवा वासा कण्हायला लागला. कार्सुदी उठून उभा राहिला, वाकून खुंटाकडे बघत. खुंट तसूभरसुद्धा वर आला नव्हता. अख्खा दर्या खालून होडी उचलत होता, आणि खाली कुणीतरी खुंट धरून ठेवला होता. मग कडेवरून पाणी आत आलं, मुकरीची कॉफीची किटली वाहत निघाली, आणि मुकरीनं बोंब ठोकली, "कार्सुदीदादा! दोर काप! बुडालो!"

कार्सुदी हलला नाही. दोर मुकरीनंच कोयत्यानं कापला. होडी अशी उसळली की तिघंही पडले.

कार्सुदी उठला आणि कडेवरून खुंटाकडे बघायला लागला. मुकरीदेखील. खुंट होता तिथं होता, सरळ, आणि त्याच्याभोवती भरतीचं पाणी वळसा घालून जात होतं.

"काय आहे खाली?" शेवटी मुकरीनं हळू आवाजात विचारलं.

कार्सुदीनं बायकोकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यानं तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला त्याची जरा भीतीच वाटली. "तिला विचार," तो म्हणाला. "तिला माहीत आहे."

मुकरीनं कार्सुदीचा शब्द त्याला परत दिला, आणि तोही चारचौघांत, ही त्याची चांगली गोष्ट म्हणायची. "दर्याला नाही उपटता आलं, तर मी कोण?" असं तो पुढचे पंधरा दिवस ज्याला त्याला सांगत फिरला. त्यामुळे अवसेच्या उधाणाला सगळं गाव होड्या घेऊन खुंटांभोवती जमलं. बायकांनी उकडलेला कसावा आणला होता, म्हाताऱ्यांनी उशा आणल्या होत्या.

गावप्रमुख पाक वारिदी हा सावकाश बोलणारा, सावकाश चालणारा माणूस. असं काम त्यालाच शोभतं. चिखल उघडा पडला तसा तो चड्डी वर खोचून उतरला, दोन्ही खुंटांमधलं अंतर पावलांनी मोजलं, मधोमध काठीनं खूण केली. मग कार्सुदीला बोलावलं.

कार्सुदी होडीच्या कडेवर बसला होता, पाय बाहेर सोडून. पाय चिखलाच्या वर लोंबत होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

"उतर की," रातेम ओरडली. "चावत नाही ती!"

लोक हसले. दालियेम हसली नाही. तिला दिसत होतं, वादळात डोलकाठीवर चढणाऱ्या माणसाला खाली उतरायची भीती वाटत होती. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि कानाशी म्हणाली, "माझ्या पावलांवरून चला. कडेला ठसे आहेत बघा माझे." त्यानं पाहिलं. खरंच होते, मघाचेच ताजे, खुंटापासून खुंटापर्यंत.

तो "बिस्मिल्ला" म्हणून उतरला. पाऊल टेकलं, घोटाभर गेलं, थांबलं. तो खुणेपर्यंत चालत गेला, एकेक पाऊल टाकून, दोन्ही हात बाजूला पसरून. पाक वारिदीनं वाकून त्याच्या डाव्या गुडघ्याखाली पांढरी सुतळी बांधली.

"आता पाऊल उचलायचं नाही. पाठ दुखली, पाय झिणझिणले, साप आला, काही झालं तरी. कबूल?"

"कबूल."

"साप आला तर मात्र मला सांग, मी जाईन," पाक वारिदी म्हणाला आणि आपल्या होडीत जाऊन बसला.

ऊन वर आलं. मग ओहोटी थांबली, आणि दुरून, खाडीच्या तोंडाकडून, पाण्याची एक बारीक चकाकती रेघ चिखलावरून सरकत आली. दालियेमनं आयुष्यात हजारो भरत्या पाहिल्या होत्या, पण भरतीकडे अशी जीव मुठीत धरून ती कधी बघत बसली नव्हती. रेघ कार्सुदीच्या बोटांशी आली. घोटे झाकले. पोटरीवर चढली. होड्या एकेक करून तरंगायला लागल्या आणि गप्पा बंद होत गेल्या. कुणीतरी इंजिन सुरू करायला गेलं तर पाक वारिदीनं नुसता हात वर केला. लाट उठून सुतळी भिजली असती. सत्तर ऐंशी माणसं, तान्ही पोरं धरून, श्वास रोखून बसली होती. पाण्याच्या मधोमध एक माणूस उभा होता आणि तो पाण्यात बुडत नव्हता, हे एवढंच सगळे बघत होते. बघण्यासारखंच होतं. मी तिथं होतो.

सुतळीला चार बोटं उरली होती तेव्हा मासे आले.

आधी पाण्यावर नुसती शिरशिरी उठली. मग चांदीसारखी पाठ, मग दुसरी, मग सगळं पाणीच बोयटांनी भरून गेलं. भला मोठा थवा, हाताहाताएवढी बोयटं, तीन वर्षांत कुणी पाहिला नव्हता असा. ते सरळ दोन खुंटांच्या मधून आले, जिथं कार्सुदीचं जाळं लागायचं. ते त्याच्या पोटऱ्यांना घासून जात होते. एकदोन त्याच्या पायांवर आपटले.

होड्यांमधून एक हुंकार उठला. पण जाळं टाकायला कुणी उठलं नाही.

दालियेम नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. ते हात तिच्या ओळखीचे होते. बोटं उघडत होती, मिटत होती, उघडत होती. मग एक मोठं बोयट त्याच्या दोन पायांच्या मध्ये येऊन अडकलं, तडफडलं, आणि तो वाकला. विचार न करता वाकला. आमचा कुठलाही माणूस वाकला असता. त्याचा उजवा हात पाण्यात गेला आणि कल्ल्यांत बोटं घालून वर आला. मासा केवढा होता! तो जिवाच्या आकांतानं उसळला आणि कार्सुदीचा तोल गेला. एक पाऊल टाकलं असतं तर मासा त्याचा होता.

"पाय!" दालियेम किंचाळली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. आणि बोटं उघडली.

मासा पाण्यात पडला, थव्यात मिसळला, आणि थवा तिवरांकडे निघून गेला. कार्सुदी दोन्ही हात हवेत धरून तसाच उभा राहिला. त्याचे पाय जागचे हलले नव्हते. सुतळीवर माशानं उडवलेले थेंब होते; पाक वारिदीनं ते लांबून बराच वेळ न्याहाळले. "हे वरून पडलेत," तो शेवटी म्हणाला. "खालून आलेलं पाणी मोजायचं." कुणीही हरकत घेतली नाही.

पाणी आणखी दोन बोटं चढलं. मग थबकलं. तरंगत आलेलं एक पान कार्सुदीच्या पायाशी येऊन थांबलं आणि ना इकडे जाईना, ना तिकडे. भरती भरली होती. सुतळी दोन बोटं वर, कोरडी.

पाक वारिदीनं वही उघडली आणि नाव लिहिलं. कार्सुदीच्या सांगण्यावरून दालियेमचंही लिहिलं, खाली, त्याच ओळीत. मग एकदम कल्ला झाला, इंजिनं सुरू झाली, रातेमनं "आता ये माझ्याकडून कुदळ न्यायला!" म्हणून आरोळी दिली, मुकरीनं आपणच जिंकल्यासारखी टोपी उडवली. बघता बघता होड्या पांगल्या, मागे फक्त त्यांची लहान होडी राहिली.

कार्सुदी अजून तिथंच उभा होता. दालियेम पाण्यात उतरली आणि चालत त्याच्याजवळ गेली. तिला वाटलं, पाय आखडले असतील, धरून न्यावं लागेल. जवळ गेल्यावर तिला दिसलं की तो रडतोय.

"आले होते गं," तो म्हणाला. "माझ्या खुंटांत."

"पाहिलं मी."

"हातात होता माझ्या."

"हो."

तिनंच हे सगळं मागितलं होतं. जमीन मागितली तेव्हा त्याच्याकडून काय काढून घेतोय, हे तिनं पायानं मोजलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी, त्याच्या दंडाला दंड लावून उभी राहिली. खाली घट्ट होतं. होडी हलते, घर हलतं, झोपेतसुद्धा अंग हलत राहतं. हे हलत नव्हतं. तिला एवढं आश्चर्य वाटलं की ती पायाची बोटं मातीत रोवून पुन्हा पुन्हा बघत राहिली.

थांबलेलं पान हलकेच फिरलं आणि खाडीच्या तोंडाकडे निघालं. ओहोटी लागली होती. याच वेळेला, याच पाण्यावरून, तो रोज आपली होडी सोडायचा.

"चला आता," ती म्हणाली. "पाणी निघालं."

"निघू दे," तो म्हणाला. "जन्मभर मी ओहोटीबरोबर गेलो. आज तिला एकटीला जाऊ दे."